फक्त मान

ऑर्व्हल हाउगनच्या गॅरेजात वारा दाराखालून येतो.
रॉलिन्समध्ये वारा म्हणजे हवामान नव्हे,
घरातलाच कुणी, न बोलावता पानावर बसणारा.

टेबलावर पन्नास कोऱ्या पुंगळ्या.
आहेरात आलेल्या भांड्यांसारख्या
एकसारख्या, चकचकीत,
अजून नाव न घातलेल्या.

"ह्या कारखान्याच्या मापाच्या," तो म्हणाला,
"म्हणजे कुणाच्याच मापाच्या नाहीत.
एकेकदा उडव. मग कळेल कुणाच्या."

गावाबाहेर, सेजच्या झुडपांपलीकडे,
त्याच्या रायफलीत मी पहिली भरली.
चाप. खांद्याला धक्का.
पापणी लवायच्या आतली ती आग,
आणि तेवढ्यात पितळ फुगून
चेंबरच्या भिंतीला सर्वांगाने टेकतं,
खांदा केसभर पुढे सरकतो,
मग निवताना ते अंग चोरतं,
बाहेर निघता येईल एवढंच.
बाकी आकार आतला.
हातात घेतली तेव्हा गरम होती,
काजळलेल्या तोंडाची,
आणि नाव घातलेली.

घरी आल्यावर प्रेस, लिव्हर, बोटभर उंचीची डाय.
"धड दाबायचं नाही.
धडाला जे कळलंय ते राहू दे.
फक्त मान,
गोळी धरून ठेवण्यापुरती."
फक्त मान, मी मराठीत म्हणून पाहिलं,
आणि दुसरा अर्थ उगाचच मध्ये आला.
दिवसभर औषधाच्या दुकानात
मी कितीजणांपुढे तेवढीच वाकवते.

पाचव्या फेरीला एकीच्या मानेला चीर गेली.
मी म्हटलं, माझे बाबा तांबट आळीत मठारकाम करायचे.
ते म्हणायचे, पितळ ठोकत राहिलं की अडून बसतं,
मग त्याला आग दाखवायची,
दटावायला नव्हे, समजूत काढायला.
ऑर्व्हलने चष्मा कपाळावर सरकवला,
पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं
आणि दिवा मालवून मेणबत्ती आणली.
बुडाशी चिमटीत धरायची,
मान ज्योतीत फिरवत राहायची,
चटका बसला की ओल्या फडक्यावर टाकायची.
बूड नरम पडता कामा नये,
म्हणून आपली बोटं हेच माप.
ब्याऐंशी वर्षांची त्याची बोटं
माझ्यापेक्षा उशिरा सोडत होती.
मी काही बोलले नाही.
डॉक्टरही पुढे महिनाभराने बोलले.

मार्चमध्ये मार्लिसने रायफल विकली,
कॅस्परच्या कुणा माणसाला, खोगिरासकट.
कॉफीचा डबा माझ्याकडे आला.
वर चिकटपट्टी, तिच्यावर त्याचं तिरकं अक्षर:
सहाव्यांदा. फक्त मान.

माझ्या रायफलीचंही तेच कॅलिबर.
कागदावर काहीच फरक नाही.
पुंगळी आत जाते, बोल्ट पाऊणभर खाली येतो
आणि थांबतो.
जोर केला तर बसेल.
जोर करायचा नाही, हे मला शिकवलं कुणी?

खणात दुसरी डाय आहे,
धडासकट सगळं दाबून
पुन्हा कारखान्याच्या मापावर आणणारी.
अठ्ठेचाळीस पुंगळ्या, एका संध्याकाळचं काम.
कॅस्परच्या माणसाला फोन केला होता.
तो म्हणाला, मी विकतचीच काडतुसं वापरतो, बाई.

काल रात्री एक लावली प्रेसला.
लिव्हर निम्म्यावर आणला,
तेवढ्यात वाऱ्याने बाहेरचा कचऱ्याचा डबा पाडला.
गेले, उभा केला. परत पडला. परत उभा केला,
आत एक वीट टाकली.
परत आले तर लिव्हर हलेना.
तेल लावायला विसरले होते.
पुंगळी डायमध्ये घट्ट,
ना आत, ना बाहेर.

अशा वेळेसाठी ऑर्व्हलने मला
त्याच्या आजोबांची एक नॉर्वेजियन शिवी शिकवली होती.
ती दिली. मोठ्याने.
बाकीच्या सत्तेचाळीस
डब्यात परत ठेवल्या.